एका क्लिकवर उघडू द्या, पण फाइल कोणाची ते बघून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊससाठी तुम्ही पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत वेब अ‍ॅप्लिकेशन केलं आहे. शेतकऱ्यांचे सातबारे, पासबुकाचे फोटो, लॅबचे रेसिड्यू (कीटकनाशकांच्या अवशेषांचे) रिपोर्ट, तुमच्याच सिस्टिममधून निघणारी इनव्हॉइस, एक्सेलमधली पॅकिंग लिस्ट, सगळं त्यात आहे. एका कॉम्प्युटरवर रिपोर्ट टॅबमध्ये उघडतो, दुसऱ्यावर डाउनलोड होतो, काही फाइलींच्या जागी पानभर अगम्य अक्षरं येतात आणि मराठी नावाच्या फाइली 'डाउनलोड.पीएचपी' अशा नावाने उतरतात. मालक म्हणतात, एका क्लिकवर उघडलं पाहिजे. मग क्रोममधलं 'या प्रकारच्या फाइल नेहमी उघडा' सगळ्या मशीनवर लावून टाकू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पीडीएफसाठी त्याची गरज नाही, आणि एक्सेल-वर्डसाठी ते मुळीच लावू नका. ती खूण वेबसाइटवर बसत नाही, एक्स्टेन्शनवर, म्हणजे फाइलच्या नावातल्या शेवटच्या तुकड्यावर बसते. तुम्ही ती लावणार पॅकिंग लिस्टसाठी. उद्या अकाउंटवाल्या ताईंनी मेलमधल्या लिंकवरून कुठलीही एक्सेल फाइल उतरवली, की तीही न विचारता उघडणार. हंगामात रोज चार अनोळखी ठिकाणांहून 'पेमेंट अ‍ॅडव्हाइस' येत असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. कोणी आधीच लावून ठेवलं असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'डाउनलोड्स' विभागात 'ठरावीक प्रकारच्या फाइल आपोआप उघडा' या ओळीपुढे ते पुसायचं बटण असतं. ती ओळ दिसतच नसेल तर काही लावलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. फाइल टॅबमध्ये दाखवायची की उतरवायची, हे तुमच्या सर्व्हरने प्रत्येक फाइलपाशी सांगायला हवं, आणि सांगताना फाइलच्या प्रकाराआधी ती कोणाच्या हातून आली हे बघायला हवं. तुमच्या सिस्टिमने बनवलेलं इनव्हॉइस आणि शेतकऱ्याच्या पुतण्याने मोबाइलवरून चढवलेलं पासबुक, दोन्ही पीडीएफ असली तरी सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं आहेत. मी अंबड-सातपूरच्या कारखान्यांची अशी अ‍ॅप्लिकेशन्स बरीच वर्षं सांभाळते आहे. जिथे जिथे हा फरक केलेला नसतो तिथे सगळ्यांना एकच नियम लागतो, आणि तो एक तर सगळ्यांना त्रास देतो नाही तर सगळं दार उघडं टाकतो.

पानभर अगम्य अक्षरं का येतात ते बघू, कारण बाकीचं त्यातून कळतं. सर्व्हर फाइलसोबत 'कंटेंट-टाइप' नावाचा हेडर, म्हणजे फाइलआधी जाणारी माहितीची एक ओळ, पाठवतो. पेटीवर चिकटवलेल्या लेबलासारखा तो असतो: पेटीत काय आहे ते सांगतो, पेटीत खरंच तेच आहे याची हमी देत नाही. तुम्ही पीएचपीत फाइल वाचून सरळ बाहेर सोडलीत आणि हेडर लिहिलाच नाहीत, तर पीएचपी स्वतःहून 'टेक्स्ट/एचटीएमएल' लिहून मोकळं होतं. ब्राउझर बिचारा पीडीएफचे बाइट वेबपान समजून वाचायला लागतो आणि पहिल्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ-१.४ असं काहीतरी दिसतं. म्हणजे दोष त्या कॉम्प्युटरचा नाही. ज्या दोन-तीन स्क्रिप्टमधून त्या फाइली जातात तिथे हेडर राहिला आहे.

याची उलटी बाजू जास्त वाईट आहे. पूर्वी लेबलं इतकी चुकीची असायची की ब्राउझर स्वतःच बाइट हुंगून प्रकार ठरवू लागले. फोटो म्हणून चढवलेल्या फाइलमध्ये एचटीएमएल लपवलं, तर इंटरनेट एक्सप्लोररसारखा ब्राउझर ते पान म्हणून चालवायचा. त्याला आवर घालण्यासाठी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये 'एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स' हा हेडर आणला. त्यात एकच शब्द लिहायचा असतो, 'नोस्निफ': हुंगू नकोस, लेबलावर विश्वास ठेव. आज क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी सगळे तो मानतात. हा हेडर सगळ्या उत्तरांवर लावा, अपवाद न करता. मात्र तो लावल्यावर तुमची लेबलं खरी असायला हवीत, कारण चुकीचं लेबल सांभाळून घेणारं आता कोणी उरत नाही.

म्हणून प्रकार ठरवताना चढवणाऱ्याच्या ब्राउझरने पाठवलेला प्रकार वापरू नका. पीएचपीच्या फाइल्स अ‍ॅरेमधली 'टाइप' ही नोंद समोरच्याने लिहिलेली असते, तो काहीही लिहू शकतो. पीएचपीतलं फाइलइन्फो हे प्रकार ओळखणारं साधन वापरून पहिले बाइट तपासा आणि स्वतःची छोटी यादी ठेवा: पीडीएफ, जेपीईजी, पीएनजी, एक्सेलचं नवं रूप. पॅकहाऊसला याहून जास्त लागत नाही. यादीबाहेरचं काहीही आलं तर परत पाठवा. एक अडचण येईल: नवी एक्सेल आणि वर्ड फाइल आतून झिपच असते, त्यामुळे जुन्या फाइलइन्फोला ती नुसती 'झिप' वाटते. अशा वेळी झिप उघडून आतला कंटेंट टाइप्सचा एक्सएमएल आहे का ते बघून मग हो म्हणा. फोटोंच्या बाबतीत मी एक पाऊल पुढे जाते. चढवलेला फोटो जीडी किंवा इमॅजिक या पीएचपीच्या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीने पुन्हा नव्याने लिहून ठेवते आणि मूळ फाइल टाकून देते. मागे लपवलेलं काही असलं तर ते गळून पडतं, मोबाइलने फोटोत घातलेलं लोकेशनही जातं (इमॅजिकमध्ये त्यासाठी 'स्ट्रिप-इमेज' मुद्दाम लावावं लागतं), आणि १२ मेगापिक्सेलचं पासबुक छोटं होतं ते वेगळंच.

एसव्हीजी यादीत नको. ती चित्राची फाइल दिसते पण आत स्क्रिप्ट चालू शकते. पानावर चित्र म्हणून लावली तर स्क्रिप्ट चालत नाही. तीच फाइल कोणी वेगळ्या टॅबमध्ये उघडली की चालते. शेतकऱ्याला पासबुकाचा एसव्हीजी काढायची गरज कधीच पडत नाही.

आता दुसरा हेडर, 'कंटेंट-डिस्पोझिशन'. त्यात 'इनलाइन' लिहिलं तर ब्राउझर दाखवायचा प्रयत्न करतो, 'अटॅचमेंट' लिहिलं तर उतरवतो. तुम्ही सध्या काहीच पाठवत नसणार, म्हणून प्रत्येक मशीन आपापल्या सवयीने वागतं आहे. क्रोममध्ये पीडीएफसाठी 'डाउनलोड करा' किंवा 'क्रोममध्ये उघडा' अशी निवड असते. एजमध्ये पीडीएफ बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची निवड असते. फायरफॉक्समध्ये 'जनरल'खाली 'अ‍ॅप्लिकेशन्स'ची अख्खी यादी असते. कोणीतरी कधीतरी त्यात हात घातलेला असतो. 'इनलाइन' लिहूनही ज्याच्या क्रोममध्ये 'डाउनलोड करा' निवडलं आहे त्याच्याकडे फाइल उतरणारच. तेवढी मशीन हाताने सरळ करावी लागतात.

माझी वाटणी अशी असते. सिस्टिमने बनवलेली पीडीएफ: 'इनलाइन', अचूक प्रकार, 'नोस्निफ'. सिस्टिमने बनवलेली एक्सेल: 'अटॅचमेंट', कारण ब्राउझरला ती दाखवताच येत नाही. बाहेरून चढवलेले, तपासलेले फोटो आणि पीडीएफ: 'इनलाइन' चालेल, पण वेगळ्या डोमेनवरून. बाहेरून आलेलं बाकी काहीही: 'अटॅचमेंट', बोलायचं काम नाही. प्रकार माहीत नसेल तर 'अ‍ॅप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम' लिहा. नेटवर सापडणाऱ्या जुन्या पीएचपी तुकड्यांत 'फोर्स-डाउनलोड' नावाचा प्रकार असतो, तो कोणीतरी मनाने काढलेला आहे. चालतो, कारण ब्राउझरला तो कळत नाही.

वेगळं डोमेन कशाला, हा खर्च कशाला, असं मालक विचारतील. त्यांना पैशाच्या भाषेत सांगा. तुमच्या अ‍ॅप्लिकेशनच्याच पत्त्यावरून एखादी घातक फाइल टॅबमध्ये उघडली आणि तिच्यात स्क्रिप्ट चालली, तर ती स्क्रिप्ट त्या वेळी लॉगिन असलेल्या माणसाच्या नावाने सगळं करू शकते. अकाउंटवाल्या ताई लॉगिन असतील तर शेतकऱ्याच्या खात्याचा नंबर बदलण्याची विनंती त्यांच्या नावाने जाईल आणि सर्व्हरला ती अगदी खरी वाटेल. कुकीवर (लॉगिनची ओळख ठेवणारी ब्राउझरमधली चिठ्ठी) 'एचटीटीपी-ओन्ली' ही स्क्रिप्टला कुकी वाचू न देणारी खूण लावलेली असली तरी उपयोग नाही, कारण स्क्रिप्टला कुकी वाचायची नसते. ब्राउझर ती स्वतःच जोडून देतो. गूगल चढवलेल्या फाइली गूगलयूजरकंटेंट या वेगळ्या डोमेनवरून देतं, गिटहबने लोकांची पानं २०१३ मध्ये गिटहब डॉट आयओवर हलवली, ते याच कारणासाठी. सबडोमेनने काम अर्धंच होतं: कुकी मुख्य डोमेनभर लावलेली असली तर ती सबडोमेनलाही जाते, आणि सबडोमेनवरची स्क्रिप्ट मुख्य डोमेनसाठी कुकी लिहूही शकते. दुसरं स्वस्तातलं डोमेन घ्या, त्यावर लॉगिन, कुकी काही ठेवू नका. परवानगी तुमच्या मुख्य अ‍ॅप्लिकेशनने तपासायची आणि पाच मिनिटांत कालबाह्य होणारी सही केलेली लिंक द्यायची. फाइली एस-थ्रीसारख्या क्लाउड साठवणीत असतील तर हे आयतंच मिळतं. लिंक बनवतानाच उत्तरात कुठला कंटेंट-टाइप आणि कुठलं डिस्पोझिशन जावं हे सांगता येतं.

शिवाय फाइलींवर 'कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी' हेडरमध्ये 'सँडबॉक्स' लिहून ठेवा. चुकून एचटीएमएल किंवा एसव्हीजी निसटलंच तर त्यातली स्क्रिप्ट चालत नाही. पण पीडीएफवर तो लावू नका. क्रोमचा पीडीएफ दर्शक सँडबॉक्समध्ये चालत नाही, पान अडवल्याचा संदेश येतो, आणि मग तुम्ही दिवसभर भलतीकडेच शोधत बसाल. आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या पानात, सँडबॉक्स लावून पीडीएफ दाखवायचा प्रयत्न केला तरी तेच होतं.

पीडीएफ ब्राउझरमध्ये दाखवावी की अडोबी रीडरमध्ये? माझं मत स्पष्ट आहे: ब्राउझरमध्ये. क्रोम आणि फायरफॉक्स आपोआप अपडेट होतात, त्यांचा पीडीएफ दर्शक बंदिस्त खोलीत चालतो. पॅकहाऊसच्या वजनकाट्याजवळच्या मशीनवरचा रीडर कोणत्या सालचा आहे ते एकदा उघडून बघा म्हणजे पटेल. डिजिटल सही तपासायची असेल तेव्हा मात्र रीडरच लागतो, तेवढ्या मशीनवर तो ठेवा आणि अपडेट ठेवा. तुम्ही स्वतःच्या पानात पीडीएफ-जेएस (फायरफॉक्समध्ये असतो तोच पीडीएफ दर्शक) बसवलं असेल तर त्याची आवृत्ती तपासा. २०२४ मध्ये त्यात एक मोठं भगदाड सापडलं होतं: खास बनवलेल्या पीडीएफमधून तुमच्या पानाच्या हक्काने स्क्रिप्ट चालवता येत होती. फायरफॉक्स १२६ मध्ये आणि पीडीएफ-जेएस ४.२.६७ मध्ये ते बुजवलं. फायरफॉक्स आपोआप सुधारला, पण तुमच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवलेली जुनी प्रत कोणी सुधारणार नाही.

मराठी नावांकडे येऊ. याने लोक सर्वांत जास्त चिडतात आणि याचं उत्तर सर्वांत सोपं आहे. एचटीटीपी हेडरमध्ये देवनागरी सरळ लिहिता येत नाही. कुठे प्रश्नचिन्हं येतात, नोड या दुसऱ्या सर्व्हर-व्यवस्थेत तर हेडरमध्ये अवैध अक्षर म्हणून एररच येते, आणि कुठे नावच टाकून दिलं जातं, मग ब्राउझर पत्त्यातलं शेवटचं नाव घेतो. तुमचं 'डाउनलोड.पीएचपी' तिथून येतं. उपाय २०११ पासून प्रमाणित आहे: डिस्पोझिशनमध्ये 'फाइलनेम' हा साधा रोमन पर्याय आणि त्यासोबत 'फाइलनेम' पुढे तारांकन असलेला दुसरा पर्याय, असे दोन्ही द्यायचे. दुसऱ्यात आधी 'यूटीएफ-८' (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत), मग दोन एकेरी अवतरणचिन्हं, मग पीएचपीच्या रॉयूआरएलएनकोड या फंक्शनमधून काढलेलं नाव. नुसतं यूआरएलएनकोड वापरलं तर रिकाम्या जागांचे अधिक होतात. नवे ब्राउझर दुसरं नाव घेतात, जुनी उपकरणं पहिलं.

नावाच्या लांबीचंही भान ठेवा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. 'मौजे अमुक, तालुका निफाड, गट नंबर तमुक, सातबारा उतारा' असं नाव लिहायला लागलं की ती संपतात. डिस्कवर फाइल ठेवताना चढवणाऱ्याचं नाव वापरूच नका. यादृच्छिक नाव द्या, मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवा आणि उतरवताना हेडरमधून द्या.

ते नाव देण्याआधी साफ करायचं असतं: नव्या ओळीचं चिन्ह, अवतरणं, दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा काढायच्या. अक्षरांची दिशा उलटवणारी अदृश्य चिन्हं पण काढायची. युनिकोडमधलं २०२ई हे त्यातलं कुप्रसिद्ध. त्याच्या जोरावर शेवटी 'ईएक्सई' असलेली फाइल डोळ्याला 'पीडीएफ' संपल्यासारखी दिसते. मात्र नेटवरचे तयार तुकडे सगळीच अदृश्य चिन्हं उडवतात, आणि तिथे मराठीचा घात होतो. 'दऱ्या', 'सुऱ्या' यातला अर्धा 'र' अनेक कीबोर्डवर शून्य-रुंदीच्या जोडचिन्हाने लिहिला जातो. ते उडालं की शब्दाचं रूप बिघडतं, आणि डेटाबेसमधल्या नावाशी तुलना केली तर जुळतच नाही. म्हणून दिशा बदलणारी तेवढीच काढा, २००डी आणि २००सी राहू द्या.

फाइली वेब सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवा. 'अपलोड्स' फोल्डर सार्वजनिक जागेत असला आणि अपाची या वेब सर्व्हरमध्ये जुन्या पद्धतीने हँडलर (कुठली फाइल कोणी चालवायची याचा नियम) लावलेला असला, तर 'पासबुक.पीएचपी.जेपीजी' ही फाइल पीएचपी म्हणून चालू शकते, कारण अपाची नावातल्या मधल्या एक्स्टेन्शनकडेही बघतो. बाहेर ठेवली की हा प्रश्न उरत नाही. मोठ्या फाइली पीएचपीतून ओतण्यापेक्षा एनजिनएक्स या वेब सर्व्हरला 'एक्स-अ‍ॅक्सेल-रिडायरेक्ट'ने सांगा: परवानगी पीएचपीने तपासायची, फाइल एनजिनएक्सने द्यायची. एनजिनएक्समध्ये एक खोच आहे. 'अ‍ॅड-हेडर' वरच्या पातळीवर लिहिलेत आणि आतल्या लोकेशनमध्ये आणखी एक 'अ‍ॅड-हेडर' लिहिलात, तर वरचे सगळे तिथे लागू होत नाहीत. 'नोस्निफ' सगळीकडे आहे असं समजून लोक निर्धास्त असतात, आणि नेमक्या फाइलींच्या लोकेशनमध्ये तो नसतो. तिथे पुन्हा लिहा, शेवटी 'ऑल्वेज' जोडा.

पीएचपीतूनच फाइल द्यायची असेल तर दोन किरकोळ पण छळणाऱ्या गोष्टी. स्क्रिप्टच्या आधी किंवा शेवटी एखादी रिकामी ओळ, किंवा स्क्रिप्टच्या फाइलच्या सुरुवातीला बीओएम (यूटीएफ-८ ची अदृश्य खूण) राहिला, तर तो फाइलच्या बाइटमध्ये मिसळतो आणि एक्सेल 'फाइल खराब आहे' म्हणतं. बफरमध्ये आधी साठलेलं टाकून देऊन मग फाइल सोडा. आणि सोडण्याआधी सेशन (लॉगिन असलेल्या माणसाची सर्व्हरवरची नोंद) बंद करा. पीएचपी सेशनची फाइल कुलूप लावून धरतं, म्हणून एक मोठा रिपोर्ट उतरत असताना त्याच माणसाचे बाकीचे टॅब नुसते फिरत राहतात. 'सिस्टिम स्लो आहे' या तक्रारींतल्या कितीतरी इथे सापडतात.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगते. लिंकमधला आयडी १२३ चा १२४ केला तर दुसऱ्या शेतकऱ्याचं पासबुक दिसतं का, ते आजच बघा. दिसत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करा. पासबुकासारख्या फाइलींवर 'कॅश-कंट्रोल' हेडरमध्ये 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' पण लिहा, नाहीतर ऑफिसच्या सामायिक मशीनवर प्रती मागे राहतात.

पॅकिंग लिस्ट आणि याद्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) देत असाल तर शक्यतो सोडा, खऱ्या एक्सेल फाइलमध्ये द्या. सीएसव्हीत दोन त्रास आहेत. यूटीएफ-८ चा बीओएम नसेल तर डबल क्लिकवर उघडताना एक्सेल मराठीचा चुराडा करतं. दुसरा त्रास सुरक्षेचा: ज्या खान्याची सुरुवात बरोबर, अधिक, वजा किंवा अ‍ॅट चिन्हाने होते ते एक्सेल सूत्र समजतं. शेतकऱ्याच्या नावाच्या जागी कोणी सूत्र लिहून ठेवलं तर ते तुमच्या सर्व्हरवर निरुपद्रवी असतं आणि ऑफिसातल्या एक्सेलमध्ये जागं होतं. पुढे एकेरी अवतरण लावून ते मारता येतं, पण मग '+९१' ने सुरू होणारे सगळे मोबाइल नंबर विद्रूप दिसतात. एक्सेल फाइल बनवताना खान्याचा प्रकारच मजकूर ठेवला की दोन्ही भानगडी संपतात. इथे लक्षात घ्या, ही फाइल तुमच्या सिस्टिमने बनवली, पण आतला मजकूर बाहेरच्याचा आहे. 'कोणाच्या हातून आली' हे विचारताना एवढं खोल जावं लागतं.

आता ऑफिसातली मशीन. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं, 'झोन आयडेंटिफायर'. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला त्यात ३ हा आकडा असतो. ही खूण बघून एक्सेल फाइल संरक्षित रूपात उघडतं आणि वर पिवळी पट्टी दाखवतं. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा फाइलींतले मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. लोकांना ती पट्टी नको असते, म्हणून कोणीतरी तुमच्या अ‍ॅप्लिकेशनचा पत्ता 'विश्वासू साइट्स'मध्ये टाकायला सुचवेल. एकाच डोमेनवरून सगळं देत असाल तर हे अजिबात करू नका, कारण चढवलेल्या फाइलींनाही तोच विश्वास मिळेल. दोन डोमेन केलीत तर मुख्य डोमेन विश्वासू ठेवण्याचा विचार तरी करता येतो, कारण तिथून फक्त तुम्ही बनवलेल्या फाइली येतात. तरीही मी तो सहसा करत नाही. 'संपादन सुरू करा' हे एक बटण दाबायला कोणाला फार वेळ लागत नाही. झिप करून पाठवलेल्या फाइलींचं थोडं वेगळं आहे: विंडोज स्वतः झिप उघडतं तेव्हा खूण आतल्या फाइलींवर उतरते. सेव्हन-झिपमध्ये ही सोय २२.०० या आवृत्तीपासून आली, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते.

पाच-सात मशीन असतील तर सेटिंग्ज हाताने करा. जास्त असतील, विंडोजच्या ऑफिस-डोमेनला (वेबच्या डोमेनला नव्हे) जोडलेली असतील, तर क्रोम आणि एजच्या धोरणांतून (पॉलिसी) करा. पीडीएफ बाहेर उघडावी की नाही याचं एक धोरण आहे, कोणते प्रकार आपोआप उघडावेत याचं एक आहे, आणि त्यासोबत कोणत्या पत्त्यांवरूनच, हे बांधणारं तिसरं आहे. मालकांचा एक्सेलचाही आग्रह सुटतच नसेल तर हा तिसरा मार्ग वापरा, फक्त मुख्य डोमेनच्या पत्त्यासाठी. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोमचं 'पॉलिसी' पान उघडलं की काय लागू झालं ते दिसतं. एजमध्ये 'ऑफिस फाइल ब्राउझरमध्ये उघडा' ही निवड बंद ठेवा. तो दर्शक मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेचा आहे, आणि तुमच्या सही केलेल्या लिंकांनी तिकडे जायचं कारण नाही. फायरफॉक्सवाल्यांची एक तक्रार येईल: 'पूर्वी विचारायचा, आता सरळ उतरवतो.' ते २०२२ मध्ये फायरफॉक्स ९८ पासून बदललं. 'अ‍ॅप्लिकेशन्स'च्या यादीखाली 'उघडू की जतन करू, विचारा' ही निवड आहे, ती लावली की पूर्वीची चौकट परत येते. आणि सगळ्या विंडोज मशीनवर फाइल एक्स्टेन्शन दिसू द्या. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' मधलं शेवटचं शेपूट विंडोज मुळात लपवतं.

कोणी तुम्हाला ऑफिसच्या खास लिंक सुचवेल, 'एमएस-एक्सेल' ने सुरू होणाऱ्या, ज्या दाबल्या की एक्सेल सर्व्हरवरची फाइल सरळ उघडतं. संपादन करून परत जतन करायचं असेल तर त्यांना सर्व्हरवर वेबडॅव्ह (तिथल्या फाइली थेट बदलून जतन करू देणारी व्यवस्था) लागतं, आणि पॅकहाऊसच्या कामासाठी मला तो पसारा पटत नाही. शिवाय अशा प्रोटोकॉलांना 'नेहमी परवानगी' देण्याची सवय वाईट. २०२२ मधलं फोलिना प्रकरण अशाच एका प्रोटोकॉलवर उभं होतं. वर्डची फाइल विंडोजच्या दुरुस्ती-साधनाला हाक मारून हवा तो हुकूम चालवून घ्यायची.

सगळं लावल्यावर कर्ल या कमांड-लाइन साधनाने हेडर मागवून डोळ्याने वाचा, नुसतं 'उघडतंय' यावर जाऊ नका. मग चार फाइली चढवून बघा: जेपीजी नाव दिलेली एचटीएमएल, स्क्रिप्ट घातलेली एसव्हीजी, जोडाक्षरांनी भरलेल्या मराठी नावाची खरी पीडीएफ, आणि ईकार ही अँटिव्हायरस तपासायची निरुपद्रवी चाचणी-फाइल. शेवटची सर्व्हरवर क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस बसवला असेल तर अडवली गेली पाहिजे. पहिल्या दोन चढताच कामा नयेत. तिसरी प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि एखाद्या अँड्रॉइड फोनवर उघडून बघा. फोनवर 'इनलाइन' लिहूनही पीडीएफ बऱ्याचदा आधी उतरवलीच जाते आणि डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते, म्हणून बागेत फिरणाऱ्या सुपरवायझरला पासबुकं बघायची परवानगी खरंच हवी का, ते मालकांना विचारा. मालकांच्या घरी कोणाकडे मॅक असेल तर सफारीच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली 'उतरवल्यावर सुरक्षित फाइल उघडा' ही खूण पहिल्यापासून लावलेली असते. ती काढा. सफारी त्यात पीडीएफही धरतं आणि झिपही.